बूगाफेरचं पाणी

८ सप्टेंबर, वेस्ट विंडसर
आलो एकदाचे! शुभाकाकूंच्या घराचा खालचा मजला आता माझा आणि केयाचा. स्कूलबस थेट दारापाशी थांबते. बाईसाहेब पहिलीत गेल्यात. घरी आल्या की दप्तर फेकून आधी किचनच्या नळाशी, ओंजळीनेच पाणी पिणार. ग्लास घे म्हणून सांगून मी थकले.
कामही घरबसल्या आहे. एका खासगी संग्रहातल्या जुन्या फोटोंची वर्णनं लिहायची. पुण्याच्या मैत्रिणी जळणार!

१२ सप्टेंबर
फोटो मोरोक्कोचे, १९३३ सालचे. बूगाफेरच्या डोंगरावर बर्बर टोळ्या बायकापोरांसह शेवटचं लढल्या. फ्रेंच फौजेला वर चढता येईना, तेव्हा झऱ्यांवर मशिनगन रोखल्या. सहा आठवडे. पाण्याला उतरलेल्या बायका तिथेच मरायच्या.
सतरा नंबरच्या फोटोत अकरा बायका उतरताहेत, पाठीवर कातड्याच्या पखाली. कोपऱ्यात गनवाला पाठमोरा बसलाय, ओठात सिगारेट. मागे लिहिलंय की दहा दिवसांनी तोही याच डोंगरावर मेला. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
बाबांचं तर्पण मी केलं. मुलगी असलीस म्हणून काय झालं, असं म्हणून काकूंनीच तीळ आणून दिले. ज्यांचं कुणी नाही त्यांनाही आज पाणी देतात. मला त्या बायका आठवल्या आणि रडूच आलं. फोटो समोर ठेवला आणि म्हटलं, या डोंगरावर जे जे मेले त्या सगळ्यांना हे पाणी. मग फार हलकं वाटलं.

२३ सप्टेंबर
टेबलावरचा जग आज तीनदा रिकामा झाला. केयाला रागावले तर म्हणाली, "इट वॉज द लेडीज, आई. दे आर सो थर्स्टी."
सतरा नंबर काढून पाहिला. नुसते खडक. एकही बाई नाही.
घाबरले. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. प्यायल्या बिचाऱ्या.

२४ सप्टेंबर
सकाळी केयाची बस गेली, मी नळ सोडला आणि कानाजवळची कपबशी फुटली. मागच्या कपाटाला भोकं, ओळीत. किचनभर सिगारेटचा वास.
फोटोतला कोपराही रिकामा आहे.
काकूंना सगळं सांगितलं. पाणी सोडताना नेमकं काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना. काकूंनी फोटो उलटा करून मागचं वाचलं. मग आम्हाला झोपायला वर घेऊन गेल्या.

२५ सप्टेंबर, दुपार
काकू हात जोडून सिंककडे गेल्या. त्याला समजावते म्हणाल्या —
फरशीवर पडल्यात. हाक मारली. हलत नाहीत.
धावले तर माझ्याही पायात — सोफ्यामागे आहे. रक्त थांबत नाही. फोन सिंकजवळ.
त्या भिंतीला टेकून बसल्यात. अकराजणी. नळ गळतोय, सगळ्या तिकडेच बघताहेत. एकही उठत नाही. त्यांना ठाऊक आहे.

३.२०
बस साडेतीनला. सरपटायला बघतेय — जमत नाही.
माझंच चुकलं. सगळ्यांना म्हणाले मी, सगळ्यांना —

बसचा ब्रेक.
ओरडतेय, आवाजच फुटत नाही —
दार. दप्तर टाकल्याचा आवाज —
केया, आज नको, आज पाण्याक