अनवाणी मोजमाप

आई,

बास्केटबॉलचे मोठे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमधून नाव मागे घ्यायची मुदत आज संपतेय आणि मी घेत नाहीये. डिग्री उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पूर्ण करीन, शप्पथ. आता चार दिवसांचा अबोला सोड.

शिकागोला ड्राफ्टआधीच्या चाचणीत त्यांनी अनवाणी उभं करून मोजलं. सहा फूट तीन! कॉलेजवाले तीन वर्षं सहा-पाच छापतायत; "आधी बूट काढ, मग बोल" म्हणणारी तूच खरी. मग हात पसरायला लावले. या बोटापासून त्या बोटापर्यंत सात फूट! मोजणाऱ्याने पुन्हा टेप लावून बघितली. काल तीन संघांचे फोन आले.

चर्चला घालायच्या शर्टांच्या बाह्यांना जोड लावताना ज्या हातांच्या नावाने खडे फोडायचीस ना, तेच हे हात.

ड्राफ्टच्या समारंभासाठी घेतलेला सूट खुर्चीवर ठेवलाय. बाह्या आखूड आहेत.

लमार