सरांच्या पायाचा रिपोर्ट

सर, माझ्या आईच्या पायात रक्त वाहत होतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की पहिलं वाक्य हेच येतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी धुळ्याला तुमच्या हॉस्पिटलात तुमच्या हाताखाली शिकत होते. डॉपलरचं ते छोटं यंत्र तुम्हीच मला दिलंत. मुंबईच्या कुठल्याशा परिषदेहून आणलेलं, पेनासारखी कांडी आणि तळहातावर मावेल असा स्पीकरचा डबा. कांडी नसेवर टेकवली की आतलं रक्त ऐकू यायचं. "मला माझी बोटं पुरतात, तुम्ही खेळा याच्याशी," म्हणाला होतात. मी खेळले. वॉर्डात साखरेचा पेशंट आला, पायाला जखम असली, की मी कांडी घेऊन हजर. मोकळ्या नसेत एकेका ठोक्याला तीन सूर उमटतात, चोंदलेल्या नसेत एकच घोगरा, रेंगाळणारा आवाज येतो, हे मला पुस्तकाआधी त्या पायांनी शिकवलं.

मग एक दिवस त्याच वॉर्डात आई आली. ती देवपुरातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, दिवसभर पायमशीनवर. अंगठ्याखाली मोडकी सुई घुसली होती आणि साखरेमुळे तिला कळलंच नव्हतं. पाय सुजून टम्म, आत पू. तुम्ही घोट्याजवळ बोटं दाबलीत, नाडी लागत नाही म्हणालात, आणि मांडीतून कापायचं ठरवलंत. मी कांडी लावली. घोट्याच्या आतल्या बाजूला तीन सूर, पावलावर तीन सूर. मी तुमच्या मागे धावले.

"सर, प्रवाह चांगला आहे. पू काढून टाकू, फार तर अंगठा जाईल."

"साखरेच्या पेशंटच्या नसा चुन्यासारख्या कडक होतात. यंत्र कसलेही आकडे दाखवतं."

"आकडा नाही म्हणत मी, आवाज म्हणतेय. एकदा ऐका ना, सर."

"आई आहे म्हणून तुम्हाला ऐकू येतंय," तुम्ही म्हणालात. "रेडिओ बंद करा."

दोन सिस्टर हसल्या. मी बंद केला. ते बटण दाबल्याचा राग मला तुमच्याइतकाच माझाही येतो, पण आजचं पत्र तुमच्यासाठी आहे. बाहेर तुम्ही माझ्या भावाला विचारलंत, जीव हवा की पाय. त्यानं सही केली. आई मला एवढंच म्हणाली, "पाय माना शे, बेटा. जिता शे, माले समजस." ऑपरेशन दोन दिवसांनी होतं. ते दोन दिवस ती पायावर हात ठेवून पडून होती.

ऑपरेशननंतर तो पाय टेबलावर एका बाजूला होता. मी हातमोजे घातले, कात्री घेतली आणि घोट्याजवळची नस उघडली. माझ्या आईचा पाय, सर. नस मऊ होती, स्वच्छ होती, गुठळी नव्हती. तुम्ही दारात उभे आहात. "काय बघताय?" विचारताय. "नस मोकळी आहे, सर." तुम्ही वाकून बघता. बघता, हे मी बघितलं आहे. मग म्हणता, "कापून झाल्यावर तपासायला अर्थ नसतो. हात धुवा." आई घरी आल्यावर एका पायानं मशीन चालवून बघत होती. चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. महिनाभरानं तिनं मशीनवर चादर टाकली आणि त्यावर देव मांडले.

मी तुमचं हॉस्पिटल सोडून जळगावला आले. पुढे सोनोग्राफीचं शिकले, मेहरूणला दोन खोल्या घेतल्या, आणि कलर डॉपलर आमच्याकडे नवा नवा आला तेव्हा तो बसवला. आता नस पडद्यावर दिसत होती, आतलं रक्त लाल-निळं धावताना दिसत होतं. फैजपूरचे केळीवाले, पाचोऱ्याचे अडते, धुळ्याहून तुमची चिठ्ठी घेऊन येणारे. चिठ्ठीत 'पाय काढणे' असं लिहिलेलं असायचं. जिथं प्रवाह चांगला असेल तिथं मी त्याच चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहायचे, 'रक्तपुरवठा उत्तम, पाय वाचेल', आणि पेशंटला मुद्दाम तुमच्याकडेच परत पाठवायचे. पाय वाचला याचा आनंद व्हायचाच. पण तुम्ही चिठ्ठी उलटी करून वाचताना कसे दिसत असाल, याचा जास्त व्हायचा.

आणि मग तुम्हीच आलात. शुक्रवारी सकाळी, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. निवृत्त झालेले, साखर झालेली, डाव्या टाचेला जखम. तुमच्याच जागी बसलेल्या नव्या सर्जननं येत्या बुधवारी पाय काढायचं ठरवलं होतं, फक्त जाताजाता एकदा डॉपलर करा म्हणाला होता. मी तुम्हाला नंबर लावून बाकावर बसवलं. टेबलावर झोपल्यावर तुम्ही विचारलंत, "काही ऐकू येतंय का, डॉक्टर?" मी आवाज पूर्ण कमी केला होता. पडदा माझ्याकडे वळवलेला होता. त्यावर रक्त टाचेपर्यंत भरभरून धावत होतं.

"रिपोर्ट सोमवारी," मी म्हणाले.

एरवी दहा मिनिटांत देते. तीन दिवसांत जखमेचं काही बिघडणार नाही, एवढी खात्री मी नीट करून घेतली होती. मला फक्त तुम्हाला पायावर हात ठेवून पडलेलं हवं होतं. सोमवारी सून एकटीच आली. म्हणाली, "नाना शुक्रवारपासून जेवले नाहीत. सारखे विचारतात, तिच्या चेहऱ्यावरून काय वाटलं." मी रिपोर्ट दिला. टाचेवर नुसती साफसफाई झाली, पाय राहिला. त्या पायावर चालत तुम्ही पुढची काही वर्षं सगळ्यांना सांगत फिरलात, माझ्या विद्यार्थिनीनं पाय वाचवला. ते कानावर आलं की माझे दात आवळले जायचे. त्या तीन दिवसांबद्दल मला कधीच वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

एकच गोष्ट आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती कुबडी टेकवून उठून बसली. "पाय चांगला शे ना त्यासना?" म्हणाली. "मंग त्यासले आजच सांगी दे. त्या दोन दिन मी कसा काढात, ते माले माहीत शे." मी आतल्या खोलीत गेले, फोन उचलला, नंबर न फिरवता थोडा वेळ उभी राहिले आणि ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, सांगितलं. ती "बरं झालं" म्हणून जेवायला बसली, आणि मरेपर्यंत तसंच समजून राहिली. हे पत्र आता कुठंच जाणार नाही. माफी मागायची असती तर ती तुमची नसतीच.