‘चाळण’ फुकटच राहील

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, छापखान्यातला निवृत्त जुळारी, शाळा सातवीत सुटलेली, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो हरवेल म्हणून आणखी दोन प्रती जोडल्या आहेत.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर कलम तीन आहे.

२. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवायची पितळी पट्टी धाकट्या मुलाला. छापखान्याच्या व्यवस्थापकांना काही नाही. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा गिऱ्हाइकांच्या दरयाद्या तपासायला मला बसवले. प्रत्येकाची मांडणी वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. मला सुचले की असे अवजार करावे, ज्याला मांडणीचे नियम लिहून दिले की ती मांडणी वाचणारा प्रोग्राम ते स्वतःच तयार करून देईल. व्यवस्थापक म्हणाले, “हे रिकामे उद्योग घरी करा.” मी घरी केले. एकतीस वर्षे केले. त्याचे नाव ‘चाळण’. व्यवस्थापकांना मी माफ केलेले नाही, एवढी नोंद असावी.

३. ‘चाळण’ हवी त्याला फुकट मिळते, आतल्या सगळ्या ओळींसकट. उघडून बघावी, बदलावी, वाटावी. ती तशीच राहील. थोरल्याकडे ती विकत मागायला एक कंपनी येऊन गेली आहे. तो म्हणतो, “बाबा, फुकटच्या वस्तूला कोण विचारतं?” विचारतात. रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आधी पत्रे येऊन पडतात.

वाटलेल्या प्रती कोणाला परत घेता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. धास्ती पुढच्या आवृत्त्यांची आहे. नवी आवृत्ती खरी की कोणी घुसडलेली, हे लोक माझ्या सहीच्या किल्लीवरून ओळखतात. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती ‘चाळण’.

४. ही किल्ली मी एकदा हरवली. चोरीच्या भीतीने ती कागदावर उतरवली, कॉम्प्युटरवरून पुसली, कागदाची जागा तीनदा बदलली आणि तिसरी जागा विसरलो. पाच महिने नवी आवृत्ती निघाली नाही. लोकांना वाटले, मी गेलो. एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी लिहिले, “काका, असाल तर एक ओळ तरी लिहा.” शेवटी कागद धाकट्या सुनेला सापडला, तिच्या दिवंगत सासूच्या चष्म्याच्या घरात. हातात देत म्हणाली, “बाबा, चोर कशाला हवा? तुम्ही एकटे पुरेसे आहात.” आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिचे बरोबर होते.

५. म्हणून किल्लीचे तीन भाग केले आहेत. कोणतेही दोन एकत्र आले तरच सही होते. एक भाग धाकट्या सुनेला. ती प्रोग्राम लिहिते आणि माझे ऐकत नाही. दुसरा ‘खडूस’ला. हे गृहस्थ एकोणीस वर्षे पत्रांतून माझ्या चुका काढत आहेत, तोंड अजून पाहिलेले नाही. तिसरा थोरल्याला. बाहेर ठेवला तर तो दारावर धक्के मारील. आत असला तर विकण्याआधी दोघांपैकी एकाला पटवावे लागेल. खडूसला एक स्वल्पविराम पटवायला मला दोन वर्षे लागली.

सून म्हणाली, “पण भाऊजींना कशाला?”

“माझा मुलगा आहे म्हणून,” मी म्हटले.

६. मी गेल्यावर ‘चाळण’च्या पानावर फोटो, हार, लांबलचक लेख नकोत. नवी आवृत्ती ठरल्या तारखेला काढावी. त्या एका आवृत्तीवर तिघांनीही सही करावी. दोघे पुरतात, तरी तिघांनी. दुरुस्त्यांच्या यादीखाली एक ओळ लिहावी, त्या बाईंनी मागितली होती म्हणून: “काका गेले. चाळण चालू आहे, फुकट आहे.”

हे सर्व मी तीनदा वाचले. हा कागद कुठे ठेवणार, ते या वेळी सगळ्यांना सांगितले आहे.

साक्षीदार: समोरचे शिंपी (सही), वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका (सही). दोघांनाही यातून काही मिळत नाही. शिंप्यांनी हे दोनदा विचारून घेतले.

लिहून देणार: ‘चाळण’वाले काका (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १७ मार्च २०२५, सोमवार, सकाळी अकरा