वकील गावाला गेलेत

ओल्ड क्रीक, जॉर्जिया
७ ऑक्टोबर २००४

प्रिय क्लिओफस,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. मंगळवार एकदाचा होऊन जाऊ दे, मग उत्तर लिहू, असं ठरवलं होतं. मंगळवार झाला आणि जमीन गेली. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या एका माणसाने लिलावाआधी आपल्या सत्तेचाळीस एकरांच्या चतुःसीमा वाचून दाखवल्या. उत्तरेला खाडी, पूर्वेला गाडीवाट. मला वाटलं, पिकानच्या झाडांचं नाव घेईल, आईने हट्टाने खणून घेतलेल्या विहिरीचं घेईल. कशाचंच घेतलं नाही. घरून नेलेली कॉफी थर्मासात गरम होती तोवर सगळं आटोपलंसुद्धा. घेतली त्या गोल्फचं मैदान करणाऱ्या कंपनीनेच. त्यांच्या वकिलाने मला दार उघडून धरलं, 'मॅडम' म्हणाला. मीही सवयीने त्याला 'थँक यू' म्हटलं, आणि मग गाडीत बसून स्वतःलाच शिव्या घातल्या.

घरवापसीच्या रविवारी, गाव सोडून गेलेले सगळे परत येतात त्या दिवशी, चर्चला येऊ का, असं तू विचारलं आहेस. रूथी दारातून हाकलून देईल का, असंही. आपल्या बहिणीला तू ओळखतोस. तीन वर्षांपूर्वी कोर्टाची नोटीस आली त्या दिवशी तिने माझ्या बैठकीतला तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. "त्याला कळव, फिलाडेल्फियातच मर आणि तिथेच पुरून घे म्हणावं! बापाची माती विकणाऱ्याला इथे जागा कशाला हवी?" असं ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. तेव्हापासून सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटत आलं आहे. आपण सात भावंडं, सातांचे सात वाटे, त्यातला एक तू परक्याला विकलास. तो परका कोर्टात गेला, वाटणी मागितली, आणि कोर्ट म्हणालं, एवढे तुकडे पाडता येत नाहीत, सगळीच विका. हे आता इथलं शेंबडं पोरही घडाघडा म्हणून दाखवतं. मी मात्र तुझ्या बाजूने आजवर एक शब्द बोलले नाही. याचं तुला वाईट वाटलं असेल, आणि माझं वय बघून तू मला माफही केलं असशील. इतक्यात करू नकोस.

तुला प्रिन्स आजोबा आठवणार नाहीत, तुझा जन्मच त्यांच्यामागचा. मला त्यांच्या मांडीचा तंबाखूचा वास आठवतो. त्यांची आई याच कोर्टाच्या पायऱ्यांवर गुलाम म्हणून विकली गेली होती, मंगळवारीच, असं ते सांगत. मुक्ती झाल्यावर सरकारने त्यांच्या बापाला जमिनीचा तुकडा दिला आणि वर्ष सरायच्या आत परत काढून घेतला. मग आजोबांनी पाइनचा डिंक उतरवून, पाठ सोलवटून स्वतः एक शेत घेतलं. तेही गेलं. दुकानदाराने गाईची पावती म्हणून एक कागद पुढे केला, आजोबांनी त्यावर फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी शेत दुकानदाराचं झालं. हे सत्तेचाळीस एकर त्यानंतरचे. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला तो लावलाच. मरताना त्यांनी आपल्या बाबांना, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकराला, एवढंच बजावलं: "कागद करू नकोस. कागदावर नाव आलं की त्यांना ते खोडता येतं. नावच नसलं तर खोडतील काय?"

आपल्याकडे सगळ्यांचंच असं. मृत्युपत्र न करणं म्हणजे जमिनीला कडी घालणं, अशीच समजूत. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ही वारसांची जमीन आहे, सगळ्यांची आहे, म्हणजे कुणीच विकू शकत नाही. तूसुद्धा हेच ऐकत मोठा झालास. म्हणून तर त्या गोड बोलणाऱ्या माणसाने फोन करून तुझा वाटा मागितला तेव्हा, आपल्या एकट्याच्या सहीने काय होणार आहे, असं तुला वाटलं असेल. हे मी आजच ओळखलं असं नाही, तीन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

काल मी शेतावर जाऊन आले. झाडांना गुलाबी फिती बांधल्यात, कसल्यातरी सोहळ्याला नटवल्यासारख्या. रताळी काढायला झालीत, पण काढायची की नाही हे कुणी सांगत नाही. मोजणीदार भला माणूस होता. आई-बाबांच्या कबरी तशाच राहतील म्हणाला, कायदाच आहे, फक्त फाटकावर नाव सांगून आत जावं लागेल. शेजारचं हॅम्प्टनचं शेत गेल्या वर्षीच कुठल्याशा गुंतवणूक फंडाने घेतलं. त्याचा मालक कोण, तर म्हणे हजारो माणसं, आणि त्यातल्या एकाने जरी ते पाहिलं असेल तर शपथ. आता अशीच राहणार जमीन, मालक पुष्कळ आणि पाय एकाचेही नाहीत. आपल्या भेंडीच्या वाफ्यावर गवत लावतील, जे कुणी खात नाही आणि गुरांनाही घालत नाही. मी तिथेच बांधावर बसून रडले, क्लिओफस. सहासष्ट वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना दटावलेली, ती भोकाड पसरून रडली. मोजणीदार बिचारा गाडीत जाऊन बसला.

आता ते सांगते. एक्याण्णव सालच्या जानेवारीत, बाबांच्या अंगावरून वारं गेल्यानंतर, आमच्या चर्चमध्ये अटलांटाहून एक वकीलबाई आली होती. हातात खडू घेऊन तिने फळ्यावर समजावलं, की मृत्युपत्र नसेल तर एक वारस फुटला तरी पुरे, सगळी जमीन जाते. लोक हसले. रूथीही हसली. मला मात्र पटलं, आणि घरी येऊन मी बाबांना सांगितलं. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "माझ्या म्हाताऱ्याचं चुकलं गं. कागद करू. गुरुवारी मला गावात ने." मी विचारलं, कुणाच्या नावावर. ते म्हणाले, "क्लिओफसच्या. तू इथेच आहेस, तू कुठे जातेस! ज्याचे पाय इथे नाहीत त्याच्या नावावर केली, की पाय आपोआप परत येतील." मी त्यांचा रुमाल घडी करत होते. वीस वर्षं त्यांच्या बरोबरीने नांगरामागे चालले, त्यांना न्हाऊ-माखू घातलं, आणि मी म्हणे कुठे जातेय! गुरुवारी ते रविवारची हॅट घालून ओसरीवर बसले. मी म्हटलं, वकील गावाला गेलेत. पुढच्या गुरुवारी तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हटलं, बाबा, आजोबांनी सांगितलेलं मोडायचं का? त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. एप्रिलमध्ये गेले. जाईपर्यंत रोज सकाळी विचारायचे, "आले का गं वकील?" वकील कुठेही गेले नव्हते. त्यांचं ऑफिस शाळेच्या समोरच होतं, मी रोज बघत होते.

हे पत्र त्यासाठी आहे. बाबांनी तुला वाटा नाही, सगळंच्या सगळं शेत दिलं होतं, आणि ते मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. पोचलं असतं तर तू आला असतास. न येतास तरी बाबांनी आपलं म्हणून दिलेलं तू विकलं नसतंस, हे मी शपथेवर सांगेन. मला वाटलं, तुझ्या एकट्याचं होण्यापेक्षा सगळ्यांचं राहू दे. ते कुणाचंच राहिलं नाही. तू ये. एकतिसाव्या तारखेला, त्या रविवारी, चर्चमधलं जेवण वाढायच्या आधी, मी उभी राहून हे सगळं सगळ्यांपुढे सांगणार आहे. पाद्रीबाबांना विचारून ठेवलंय, कशाबद्दल ते सांगितलेलं नाही. तुझा फोटो आज सकाळी मी सरळ केला. काच पुसली. तुझ्या शेजारीच माझा आहे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला. तो कुठल्या तोंडाने टांगायचा, ते त्या दिवशी रूथीला ठरवू दे.

तुझीच बहीण,
आर्लीथा