ताटातून निघालेलं वचन

बाबा, तुम्हाला मातीत ठेवून इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. चर्चच्या मंडळीत अजून तुमचं नाव निघालं की लोक हळवे होतात. पाळकसाहेब म्हणजे देवमाणूस, म्हणतात. मी उठते आणि चहाचे कप गोळा करायला लागते.

नव्या वर्षाच्या उपासनेआधी तुम्ही स्वयंपाकघरात बसून वचनांच्या चिठ्ठ्या कापायचात. आई भाकरी थापतेय, तुम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करताय आणि माझं अक्षर बरं म्हणून एकेक वचन मला सांगताय. सकाळी स्टीलच्या ताटातून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि देवानं आपल्यालाच दिलेलं वचन म्हणून ती वर्षभर जपायची. सगळी गोडच वचनं. मी एकदा विचारलं, "बाबा, रागाची, शिक्षेची वचनं काहून न्हाईत ह्यात? त्याच पुस्तकात हायेत की." तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "वर्षाच्या पहिल्या दिवशी लोकायला शिक्षा वाटू का? लई शहाणी झालीस. लिही." मी गुमान लिहीत राहिले.

मला स्थळ आलं त्या वर्षी माझ्या हाताला यिर्मया संदेष्ट्याचं वचन लागलं. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच विचार आहेत, पुढे तुम्हाला आशा आहे, अशा अर्थाचं. मुलगा तापट आहे असं आईच्या कानावर आलं होतं, ती कुरकुरत होती. तुम्ही ती चिठ्ठी तिच्यापुढे धरलीत आणि विषय संपला. मी साखऱ्याला नांदायला गेले.

वर्षभरातच सुजलेलं मनगट पदराखाली झाकून मी वारंगा फाट्यावर एसटीतून उतरले आणि घरी आले. तुम्ही स्वतः चहा केलात, कधी नव्हे ते. शेजारच्या चाची दारात येऊन थांबल्या. "साब, पोरीला परत धाडू नका. आज मनगट हाय, उद्या काय मोडंल?" तुम्ही म्हणालात, "चाची, हे आमच्या घरचं हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "प्रभूनं जोडलंय, बाई. तुझ्या नावानं वचन निघालंय. तोच राजा हाय, त्याला ठाऊक न्हाई का सगळं? थोडी तकलीफ सोस." आई पाठमोरी उभी होती, ती वळलीच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला फाट्यावर सोडायला आलात आणि माझ्या सासूसाठी डझनभर केळी घेतलीत. केळी! आणि वरून, पिशवी नीट धर, दबतील, म्हणालात. मी ती दुखऱ्या हातात धरून गाडीत चढले.

तुम्ही होता तोवर मला परत यायला दार नव्हतं. तुमच्या मातीला आले ती तिकडं झालेल्या लेकीला घेऊन इथंच राहिले. तेव्हा तुमचंच बायबल उघडून त्या चिठ्ठीतल्या वचनाचा अध्याय मी पहिल्या ओळीपासून वाचला. पत्र आहे ते, बाबा. कैद करून परक्या बाबेल शहरात नेलेल्या सगळ्या लोकांना लिहिलेलं. तिथं घरं बांधा, बागा लावा, लवकर सुटाल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांतले कितीतरी तिथंच मरणार होते. आशा होती ती त्या सगळ्यांसाठी, एका पोरीचं लग्न उरकायला नव्हे. जन्मभर उपदेश केलात, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं? असणारच. म्हणून तर चीड येते. ठाऊक असून तुम्ही त्यातली एक ओळ कापलीत आणि माझ्या गळ्यात बांधलीत.

देव सार्वभौम आहे हे मी आजही मानते. पण सगळं त्याच्या हातात आहे म्हटलं की तुमचे हात मोकळे होतात, हे मानत नाही. त्यानं मला परत पाठवलं नाही, तुम्ही पाठवलंत. तिकीट तुम्ही काढलंत. पाळकाची लेक नवरा सोडून आली असं मंडळी म्हणेल, याला तुम्ही भ्यालात आणि ती भीती त्याच्या नावावर खपवलीत.

आता दर शुक्रवारी दुपारी बायका माझ्याकडे वाचायला जमतात. अध्याय पूर्ण वाचायचा, मागचं-पुढचं काही गाळायचं नाही, हा माझा नियम. गेल्या शुक्रवारी तोच अध्याय आला. एक नवी सून मध्येच थांबली. "ताई, ज्यायनं कैद करून नेलं त्यायच्याच शहरासाठी प्रार्थना करा म्हणते देव? हे काहून?" मी म्हटलं, "वेळ झाला, पुढं वाच."

वेळ काही झाला नव्हता. ती ओळ मला नको असते, एवढंच. प्रार्थनेत मी सगळ्यांची नावं घेते, कधीमधी त्या साखऱ्याच्या माणसाचंसुद्धा घेते. तुमचं अजून एकदाही घेतलेलं नाही. आज सकाळी घेणार होते. गुडघे टेकले, आणि उठून हे लिहायला बसले.