बुचाचं गाव

बाबा,

मी गुरुवारी विमानाने कॉर्कला चालले आहे. हो, तेच कॉर्क! आयर्लंडातलं, नकाशात अगदी खाली, समुद्राकाठचं. लेकीकडे इंग्लंडात येऊन महिना झाला, आणि इथून तिथे जायला विमानाला फक्त सव्वा तास लागतो. वाशीमहून रिसोडला जाणाऱ्या मोटारीला तेव्हा याहून जास्त वेळ लागायचा, शिवाय वाटेत एकदा तरी उतरून ती ढकलावी लागायची. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला शोभणार नाही इतकी मी हुरळले आहे. मुक्काम दोनच दिवसांचा, पण पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. हातातल्या सामानात मोठी बाटली चालत नाही म्हणे, म्हणून खोकल्याचं औषध छोट्या बाटलीत ओतलं. ओतल्यावर हात थांबेनात. बाटलीच्या कडेला डोसाच्या खुणांची कागदी पट्टीही कापून चिकटवली. लेक बघतच राहिली. तिला काय ठाऊक, मी कंपाउंडरची पोर आहे!

सरकारी दवाखान्यात लोक घरून बाटल्या घेऊन यायचे. तुम्ही मिक्श्चर भरून, पट्टी लावून, वर बूच दाबून बसवायचात. मी शाळेतून सुटते ती थेट तिथेच येते, खिडकीत बसते आणि नकाशाचं पुस्तक उघडते. इंग्रजीचं माझं पहिलंच वर्ष आहे, आणि 'कॉर्क' म्हणजे बूच हे नुकतंच शिकले आहे.

"बाबा, हे पाहा ना, बूच नावाचं गाव हाये!"

तुम्ही हातातली बाटली ठेवून आलात, त्या एवढ्याशा ठिपक्यावर बोट टेकवलंत. "अरे बाप्पा! मंग आपले बूच तिथूनच येत असतीन?"

बूच झाडाच्या सालीचं करतात आणि ते झाड भलत्याच मुलखात वाढतं, हे गुरुजींनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं. तरी मी म्हणाले, "हो. पुस्तकात लिवलं हाये."

झालं. बाटली देताना तुम्ही प्रत्येकाला बजावू लागलात, "बूच फेकू नोको. आयर्लंडातून आलं हाये. माही पोरगी इंग्रजी वाचते, तिनंच सांगतलं." आसेगावहून येणारी एक म्हातारी तर बूच पदराच्या गाठीत बांधून परत आणायची.

मग नवे डॉक्टर आले. त्यांनी हे ऐकलं आणि भरल्या रांगेसमोर मोठ्याने हसले. "कोणी सांगितलं हो तुम्हाला?" मी खिडकीतच होते. माझं नाव घ्याल म्हणून मी पुस्तक मिटून पाठीमागे लपवलं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "मीच आपला बोललो, साहेब." घरी येताना मात्र वाटेत थांबलात. "खरंच लिवलं हाये ना वं पुस्तकात?" मी 'हो' म्हणून मान हलवली. "मंग डाक्टरानं थे पुस्तक वाचलं नसन," असं म्हणून तुम्ही निश्चिंत चालू लागलात. त्या दिवशी मला एक धपाटा घातला असतात तर फार बरं झालं असतं. पुढे डॉक्टर समोर नसले की तुम्ही तेच सांगत राहिलात, आणि तेच खरं मानून गेलात.

तर बाबा, त्या गावाचा बुचाशी काडीचा संबंध नाही. नावाचा अर्थ दलदल असा आहे. मी सगळं वाचून काढलंय: नदी दोन फाट्यांनी गावातून वाहते, जवळच मोठं बंदर आहे, एके काळी तिथलं लोणी जहाजांनी परदेशी जायचं. कुठे आधी जायचं याची यादी रोज बदलते.

आज सकाळी लेकीने विचारलं, "आई, एवढं लंडन सोडून कॉर्कच का गं?" मी तिला पहिल्यांदाच सारं सांगितलं, डॉक्टरांच्या हसण्यासकट. तिचे डोळे भरून आले. "आजोबांचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलीस ना?" मी हो म्हणाले.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तेही खोटंच होतं. तुमच्या मनाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. "माही पोरगी इंग्रजी वाचते" एवढं ऐकायला मिळावं म्हणून मी रोज शाळेतून धावत यायचे.