रकान्यातली आडवी रेघ

१ तारीख, सोमवार. सकाळी ६.
आजपासून रोज लिहायचं. कर्तबगार माणसं लिहितात. उद्यापासून मी लिफ्टच्या कंपनीत, ड्रॉइंग सेक्शनला परत. अकरा वर्षं 'घरी बसल्यानंतर'. (बसले कधी, ते कोणी सांगेल का?) एक महिना ट्रायल, मग पर्मनंट. ट्रायल ही आपली फॉर्मॅलिटी.

थोरलीच्या शाळेचा फॉर्म फ्रिजवर लावलाय. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात नवरा दरवर्षी आडवी रेघ मारतो. मी कधी बोलले नाही, पण ती रेघ मला दरवर्षी लागते. यंदा तीस तारखेला फॉर्म द्यायचाय. तिथे मी स्वतः, ठळक अक्षरांत 'सीनियर ड्राफ्ट्समन' लिहिणार. रकाना लहान आहे, पण बसेल. कोणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.

घरासाठी अकरा पानी सूचना केल्यात. लॅमिनेट करून. धाकट्याच्या मोज्यांनाच एक अख्खं पान आहे. तरी घर माझ्याशिवाय दोन दिवस चालेल. तिसऱ्या दिवशी फोन येणार.

२ तारीख, मंगळवार.
ऑफिसात एकही ड्रॉइंग बोर्ड नाही. सेक्शन हेड कोण, तर पूर्वी माझ्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचा तो. तेव्हा आम्ही त्याला शार्पनर म्हणायचो. मी आजही म्हणाले, सगळ्यांसमोर. तो जरासा हसला. आवडलं असावं.

सॉफ्टवेअर नवीन आहे. येतं का विचारलं, मी येतं म्हणाले. येईलच की दोन दिवसांत.

घरून फोन नाही. सूचना वाचत असतील.

४ तारीख, गुरुवार.
तिसरा दिवस. फोन सायलेंटवर नाही ना, सहा वेळा पाहिलं. शेवटी मीच केला. सासूबाई म्हणाल्या, सगळं छान चाललंय, मुलं आपापली दप्तरं भरतात, तू निवांत काम कर. बिचाऱ्या. मला काळजी नको म्हणून किती खोटं बोलावं लागतंय त्यांना.

सॉफ्टवेअर अजून यायचंय.

८ तारीख, सोमवार.
पहिलं ड्रॉइंग दिलं. सहा मजली इमारतीची लिफ्ट, गच्चीवर मशीनरूम, खिडकीसकट. उजवीकडे बसणारा इंजिनीअर म्हणाला की या मॉडेलला मशीनरूम नसतेच, मोटर आतच बसते. अकरा वर्षांत अख्खी खोली नाहीशी झाली आणि मला कोणी साधा मेल केला नाही! ही कामाची पद्धत आहे?

हा उजवा आणि डावीकडचा डावा, दोघांचं दिवसभर एसीवरून जुंपलेलं असतं. दुपारी मी दोघांच्या टेबलांची अदलाबदल केली. भांडण बंद. फालतू गोष्ट आहे, पण लिहून ठेवते.

११ तारीख, गुरुवार.
मीटिंगमध्ये उजव्याने बिस्किटाला हात घातला. मी सवयीने विचारलं की हात धुतले का. तो उठून धुऊन आला. मागोमाग आणखी तिघं गेले. याला लीडरशिप म्हणतात. ड्रॉइंगचं उद्या बघते.

१७ तारीख, बुधवार.
आज इतिहास घडवला. लिफ्टची बटणं कोणाच्या हाताला लागत नाहीत? मुलांच्या. इतक्या वर्षांत एकाही इंजिनीअरच्या डोक्यात हे आलं नाही, कारण एकानेही लिफ्टमध्ये उड्या मारणारं पोर धरलेलं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर धाकट्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यातली वरची मोजली आणि त्याच्या खांद्याच्या अंदाजाने पॅनलवरची सगळी बटणं खाली आणली.

कोणाला विचारलं नाही. चांगल्या कल्पनेला दहा जण फाटे फोडतात. शार्पनर सकाळपासून एक फाइल शोधत होता, ती मी प्रिंटरमागून काढून दिली. त्या आनंदात त्याने माझ्या ड्रॉइंगवर न बघताच सही केली. ड्रॉइंग थेट वर्कशॉपला गेलं.

आता कोण मला पर्मनंट करत नाही, बघतेच.

२३ तारीख, मंगळवार.
वर्कशॉपने आठ पॅनल कापली. स्टीलची, जमिनीपासून छतापर्यंत, बटणांची भोकं माझ्या मापाने. फोरमनने त्यातलं एक उभं करून दाखवलं. तळमजल्याचं बटण दाबायला त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. माणूस फार उंच आहे, हे मी निदर्शनाला आणून दिलं. मग डाव्याने दाबून पाहिलं. तो बुटका आहे. तोही बसला.

शार्पनरसाहेबांनी (आजपासून साहेब) विचारलं की हे माप कुठून आलं. मी म्हणाले, माझ्या धाकट्याचं. कोणी हसलं नाही. आठही पॅनल भंगारात गेली. साहेब ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन चौकट पाहिली. खुणेशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दोन वर्षं पूर्ण'. धाकटा सात वर्षांचा आहे. पुढच्या खुणा करायच्या राहूनच गेल्या. त्याला चौकटीशी उभं केलं तर खूण त्याच्या छातीशी आली. मधली पाच वर्षं मी घरातच होते ना? बाथरूममध्ये जाऊन रडले. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिते.

तरी कल्पना चांगलीच होती.

२६ तारीख, शुक्रवार.
सूचनांची चौकशी केली. पान चार कुंडीखाली सापडलं. पान सात नवऱ्याला फळं कापायला बरं पडतं, लॅमिनेशन मजबूत आहे म्हणाला. मोजे दोन्ही पायांत आहेत. अकरा वर्षं जो गाडा मी एकटीने ओढत होते, तो बहुतेक उतारावरच होता.

मग नोकरी तरी टिकायलाच हवी.

२९ तारीख, सोमवार.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पॅनलबद्दल बोलायची तयारी करून गेले होते, तीन मुद्दे होते. त्यांनी एकही काढू दिला नाही. म्हणाले, ड्रॉइंगचं काही जमणार नाही. फ्रिजवरचा फॉर्म डोळ्यांसमोर आला, आडव्या रेघेसकट.

मग म्हणाले की महिनाभरात हरवलेली प्रत्येक फाइल सापडली, डावा-उजवा भांडले नाहीत, मीटिंगा वेळेवर सुरू झाल्या. अशी पोस्टच नव्हती, ती काढतोय. ऑफिस को-ऑर्डिनेटर. पर्मनंट. मी विचारलं, नेमकं काम काय?

"ताई, तुम्ही आत्ता करताय तेच."

विचार करून सांगते म्हणाले. दारापर्यंत विचार केला आणि मागे वळून हो म्हणाले. शेवटी अनुभवाची कदर होतेच.

घरी प्रमोशन झालं म्हणून सांगितलं. थोरली खोदून खोदून विचारत होती की म्हणजे रोज करायचं काय. सांगितलं. हरवलेलं शोधायचं, भांडणं मिटवायची, सगळ्यांना वेळेवर जागेवर बसवायचं, जेवणानंतर टेबलं पुसली का बघायचं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

३० तारीख, मंगळवार. सकाळी ७.
नवं पेन घेऊन फ्रिजपाशी गेले. 'को-ऑर्डिनेटर' मनात तीनदा लिहून पाहिलं होतं. फॉर्म नाही. थोरलीने कालच भरून दप्तरात ठेवलाय. आपलं आपण करायची सवय लागलीय ना आता. मागून घेतला आणि पाहिला. आडवी रेघ नाही. खोटं बोलायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.

आईचा व्यवसाय: 'घरी करायची तेच. आता ऑफिसात करते.'

शाईने लिहिलंय. रकाना लहान होता, पण बसलंय.